आशीर्वादाविना ऐतवार

उंबरदरीच्या देवळात उपासना कधी संपते हे घड्याळावर नव्हतं, ते पास्टर दिनकररावांच्या हातांवर होतं. शेवटचं गीत झालं की दिनकरराव डोळे मिटायचे, दोन्ही हात वर करायचे आणि आशीर्वाद म्हणायचे. ते हात खाली आले की मग माणसं उठायची. त्याआधी नाही. कुणाची चूल पेटती राहिलेली असो, कुणाची म्हैस व्यायला झालेली असो, हात खाली येईपर्यंत मांडी मोडायची नाही, ही तीन पिढ्यांची रीत. नवी सून घरात आली की सासू तिला पाणवठा दाखवायच्या आधी ही गोष्ट सांगायची. "आशीर्वाद न घेता उठलेलं मानूस म्हंजी नांगरलेलं पन न पेरलेलं रान," असं म्हातारी माणसं म्हणत.

देऊळ म्हणजे तरी काय, वस्तीच्या टोकाला मातीच्या भिंतींची एक लांबट खोली. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली भुई. ख्रिस्ती वस्ती सतरा घरांची. गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाणाऱ्या एसटीतून फाट्यावर उतरायचं आणि अर्धा कोस चालायचं. अशी सात गावं दिनकररावांच्या पदरात होती. सत्तावीस वर्षं ते सायकलीवर, एसटीत, नाही तर पायी ही सात गावं फिरत आले होते. उंबरदरीच्या वाट्याला महिन्याचा एक ऐतवार यायचा. बाकीचे तीन कोरडेच जायचे.

त्या वर्षी दिनकररावांना अठ्ठावन्नावं सरलं. नाताळ झाला की ते निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागी दुसरा कुणी येणार नाही, हे ठरून गेलं होतं. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा हुकूम आला होता. ज्या गावात गावचंच माणूस दर ऐतवारी उपासना चालवील, त्या गावचं देऊळ उघडं राहील. बाकीच्यांनी गंगाखेडला यावं.

गंगाखेडला यावं, हे कागदावर लिहायला सोपं होतं. सरजाबाई ऐंशीच्या पुढची, दोन्ही गुडघे गेलेली, तिनं फाट्यापर्यंत कसं जावं? कडूबाईच्या पदराला चार लेकरं, तिनं एसटीचं तिकीट कुठून काढावं? पहिल्या महिन्यात दहाजण जातील, दुसऱ्या महिन्यात चार, आणि पुढच्या ईस्टरपर्यंत उंबरदरीच्या देवळात कुणीतरी कडबा भरून ठेवील. हे सगळ्यांना कळत होतं.

दिनकररावांनी सभेत विचारलं, "कोण पुढं येतं? पगार नाही, मान नाही, काम मात्र दर आठवड्याचं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. भुईवरचं शेण कुणी सारवलं आहे, हे जणू सगळ्यांना त्याच वेळी बघायचं होतं.

तेव्हा आश्रुबा उठला. आश्रुबा दोर वळायचा आणि दोरापेक्षा जास्त त्याची जीभ वळवळायची. "सायब," तो म्हणाला, "आमची सुलाबाई घ्या. घरात दिवसभर उपदेश करती. ऐतवारी हितं करंल, तेवढीच मला सुट्टी."

देऊळ हसलं. सुलाबाईनं पदराआडून नवऱ्याकडं असं पाहिलं, की रात्रीची भाकरी आता बरीच कडक होणार. दिनकरराव मात्र हसले नाहीत. ते सुलाबाईकडं बघत म्हणाले, "आश्रुबा चेष्टा करायलाय. मी करत नाही. सुलाबाई, तुम्ही?"

सुलाबाई चाळिशीची. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचायची, पण वाचायची. शिंदीच्या पाल्याचे झाडायचे फडे बांधून गंगाखेडच्या बाजारात विकायचे, हा तिचा धंदा. आणि जात्यावर बसली की तिच्या आईच्या ओव्या तिच्या तोंडी यायच्या. आईनं त्या हिंदू शेजारणींकडून ऐकलेल्या होत्या. राम-सीतेच्या जागी कुठं मरीया आली होती, कुठं रूथ, कुठं नाझरेथ, आणि कुठं काही बदललंच नव्हतं.

"मला न्हाई जमायचं, सायब," ती म्हणाली.

"जमायचं नाहीच," दिनकरराव म्हणाले. "जमवायचं आहे."

मग आठ महिने ते चाललं. दिनकररावांनी एकदम सगळं तिच्या अंगावर टाकलं नाही. पहिल्या महिन्यात, "फक्त गीत तुम्ही सांगायचं. बाकी मी." दुसऱ्या महिन्यात सुरुवातीची प्रार्थना. तिसऱ्या महिन्यात वाचन. वाचन म्हणजे आठवडा आधी तो अध्याय आश्रुबाला ऐकवायचा. आश्रुबा दोर वळता वळता ऐकायचा आणि म्हणायचा, "ह्ये मला कळलं न्हाई. मला कळलं न्हाई, तर आपल्या पंचाला, सिताराममामाला काय कळंल? परत वाच." चेष्टेखोर माणूस, पण त्याच्यापुढं वाचून वाचूनच तिचं बोट हळूहळू ओळीवरून उठलं.

दिनकरराव शिकवायचे तेही असं, की घरच्या माणसानं शिकवावं. "अडलात तर थांबा," ते सांगायचे. "थांबलं म्हणजे चुकलं असं नाही. लोकांना दम घ्यायला मिळतो." ते शेवटच्या ओळीत दाराजवळ पोत्यावर बसायचे. सुलाबाई बोलायला लागली की त्यांचे ओठ हलायचे, ती थांबली की त्यांचा हात गुडघ्यावरून उचलला जायचा. एकदा तर ती दोन शब्दांच्या मधे नुसता श्वास घेत होती, तेवढ्यात दाराकडून पुढचं वाक्य आलंच. सगळं देऊळ मागं वळलं. उपासनेनंतर दिनकरराव कान पकडून म्हणाले, "सुलाबाई, मला थांबायला शिकवणारं कुणी भेटलं नाही बघा."

शेवटच्या तीन महिन्यांतले तीन ऐतवार परीक्षेचे होते. ते सुलाबाईनं एकटीनं चालवायचे. पाहायला देवळाचे पंच सिताराममामा. सिताराममामा रेल्वेत गँगमन होते. पस्तीस वर्षं रूळ तपासत चालले, आता पेन्शनीत. माणूस खिळ्यासारखा सरळ, आणि खिळ्यासारखाच एका जागी ठोकलेला. त्यांनी "चालतंय" म्हटलं तरच महिनाअखेरीला मोठ्या साहेबांना कागद जाणार होता. आणि मामांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाईमानसाबद्दल माझी तकरार न्हाई. पन पास्टराशिवाय उपासना होती का, ह्ये मला बघायचंय."

पहिले दोन ऐतवार बरे गेले. दोन्ही वेळा दिनकरराव सकाळी राणीसावरगावला उपासना घेऊन, साडेअकराला एसटीनं फाट्यावर उतरून, बाराच्या सुमाराला देवळाच्या दारात पोचले. सुलाबाईचं शेवटचं गीत चाललेलं असायचं. ते चपला काढून आत यायचे, हात वर करायचे, आशीर्वाद म्हणायचे. माणसं उठायची. त्यात काही राहून गेलं आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

तिसरा ऐतवार उजाडला. सुलाबाईनं बायबलातल्या रूथची गोष्ट घेतली होती, सासूसोबत परमुलखात आलेल्या विधवा सुनेची. तिला त्या गोष्टीत कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याच्या काढलेल्या रानात मागं राहिलेली कणसं वेचायची, म्हणजे सरवा वेचायचा, हे तिनं स्वतः केलं होतं, कंबर मोडेपर्यंत.

"सरवा वेचनारी बाई कशी चालती ठावं हाय ना?" ती म्हणाली. "वाकलेलीच चालती. वर बघितलं तर मालक दिसंल, मनून वर बघतच न्हाई. पन ह्यो बवाज मालक कसा बगा. त्यानं कापनाऱ्यांला सांगितलं, तिला दाणे हातात देऊ नका, तिला लाज वाटंल. पेंढीतली मूठ मूठ मुद्दाम सांडा, आन न बघितल्यासारखं म्होरं चला. ती वेचंल, तिला वाटंल आपल्या हातानं मिळवलं. द्यायचं तर असं द्यायचं." आणि बोलता बोलता तिच्या तोंडून ओवीच आली:

"सरवा वेचीती रूथ, परमुलखाची नार,
मालक सांडीतो मुठी, जाणूनबुजून चार."

बायकांच्या ओळीतून "आगं माय," असा बारीक आवाज आला. सिताराममामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मामा टोपी काढायचे ती फक्त प्रार्थनेला. सुलाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या छातीतलं जातं जरा हलकं फिरायला लागलं.

शेवटचं गीत झालं. दारात कुणी नव्हतं.

"आजून एक कडवं घ्या," सुलाबाई म्हणाली. घेतलं. मग दुसरं गीत घेतलं. मग कडूबाईच्या धाकट्यानं मागितलं म्हणून ऐतवारच्या शाळेतलं टाळ्यांचं गीत घेतलं. दारात ऊन सरकत उंबऱ्याच्या आत आलं. पास्टर आले नाहीत.

माणसं बसून राहिली.

कुणी हललं नाही. कडूबाईचं एक लेकरू झोपलं, एक रडलं, तिनं तिथंच पाजलं. बाहेर कुणाची तरी शेळी दारात येऊन उभी राहिली आणि आत बघून तीही थांबली.

"ही बी आशीर्वादाला आली," आश्रुबा पुटपुटला.

"गप," सिताराममामा म्हणाले.

"मामा, मी गपच हाय. माझ्या पायाला मुंग्या आल्यात, त्या बोलायल्यात."

असा एक तास गेला असेल. मग दारात कस्तुराबाई आली. कस्तुराबाई शेजारच्या बौद्धवाड्यातली, सुलाबाईबरोबर शिंदीचा पाला तोडायला जाणारी, जिवाभावाची. तिनं दारातून आत पाहिलं, पन्नास माणसं भिंतीसारखी बसलेली, आणि तिनं गालाला बोट लावलं.

"आगं सुले, संपली न्हाई का तुमची? दुपार कलली."

"सायब यायचेत," सुलाबाई म्हणाली.

"सायब?" कस्तुराबाई हसायलाच लागली. "सायब कुठून येतेत? फाट्यावर रास्ता रोको हाय सकाळपून. नामांतराचा. आमचा बन्सीधर बी तिथंच बसलाय, सतरंजी घरातून घेऊन गेला. एक बी यष्टी सोडली न्हाई. तुमचे सायब राणीसावरगावलाच अडकले आस्तील."

"मंग कवा सुटंल?" सिताराममामांनी विचारलं.

"विद्यापीठाला बाबासायबाचं नाव दिलं की सुटंल."

"कवा देनार?"

"मागायलाव की मामा. दहा वर्सं झाली."

"म्हंजी दहा वर्सं बसावं का काय हितं!" आश्रुबा म्हणाला आणि सगळं देऊळ फुटलं. सिताराममामांच्या मिशासुद्धा हलल्या. कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला. हसू ओसरल्यावर मात्र तिनं सहज विचारलं, तिच्या मनात टोचायचं काही नव्हतं:

"आमच्यात भंतेजी सालातून एकांदा येतेत. बाकी वंदना आमीच म्हनतो आन आमीच उठतो. तुमाला उठायला बी सायब लागतो व्हय?"

एवढं बोलून ती पोराची भाकरी घेऊन फाट्याकडं गेली. ते वाक्य मात्र देवळात राहिलं.

"बसू," सिताराममामा शेवटी म्हणाले. "संध्याकाळपस्तोर येतेत तर येतेत. रीत ती रीत." आणि मग, जरा हळू आवाजात, सुलाबाईकडं न बघता, "म्या म्हनलं व्हतं. पास्टराशिवाय सुरू व्हती. संपत न्हाई."

सुलाबाई मेजाशी उभी होती. तिच्या पायाखालची भुई थंड होती आणि कान तापले होते. मामांनी एका वाक्यात मोठ्या साहेबांकडं जाणारा कागद लिहून टाकला होता. ही माणसं संध्याकाळपर्यंत बसली, तर गावभर होईल, जिल्ह्यापर्यंत जाईल: उंबरदरीला पास्टराशिवाय घरी जाता येत नाही. आणि आपणच हात वर केले, आशीर्वाद म्हटला, तर? त्या आशीर्वादाचे शब्द तिला येत होते. सत्तावीस वर्षं ऐकलेले शब्द कुणाला येणार नाहीत? पण ते शब्द म्हणायला पास्टरांना देवळात, माणसांपुढं, डोक्यावर हात ठेवून नेमलं होतं. तिला कुणी नेमलं नव्हतं. न दिलेलं घेतलं, तर मामा कधीच "चालतंय" म्हणणार नाहीत. आणि त्यांचं चुकलेलंही नसेल.

तिला सासरा आठवला. त्यानं सगळ्या घराला फडे बांधायला शिकवलं: पाला कसा सोलायचा, मूठ कशी जुळवायची, दोर कसा ओढायचा. शेवटची गाठ मात्र तो स्वतः मारायचा. "आना हिकडं," म्हणायचा. सासरा गेला तेव्हा घरात चाळीस फडे अर्धे बांधून पडले होते. सासूनं आणि तिनं मिळून ती गाठ सोडून सोडून पाहिली, आठ दिवस. शेवटी जी जमली ती सासऱ्याची नव्हती. दोघींची स्वतःची होती. फडा मात्र सुटला नाही.

"सुला," सरजाबाईनं हाक मारली. म्हातारी पुढंच भिंतीला टेकून बसली होती. "मला आडवं व्हायला पायजे गं. कंबर धरली."

"मंग जावा की आत्या. तुमाला कोन काय म्हनतंय?"

"कोन काय म्हनंल त्याचं न्हाई गं माय." सरजाबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. "मी एकटी मानूस. सायब ऐतवारी डोक्यावरून हात खाली आनतेत ना, त्याच्या जोरावर मी म्हैनाभर ऱ्हाती. रिकामी कशी जाऊ घरी?"

सुलाबाई त्या म्हातारीकडं बघत राहिली.

आत्तापर्यंत तिला वाटत होतं, की ही माणसं हुकुमाची वाट बघतात. सुटीची घंटा झाली की पोरं उठावीत, तसं. पण सरजाबाईला उठायची परवानगी नको होती. तिला वाटेसाठी काहीतरी बरोबर हवं होतं. आणि वाटेसाठी बरोबर काय द्यायचं, हे सुलाबाईला ठाऊक होतं. ते तिला पास्टरांनी शिकवलंच नव्हतं. ती माहेराहून निघायची तेव्हा तिची आई वेशीपर्यंत यायची. आई कधी "जा" म्हणाली नाही. जा म्हटलं की घर तुटतं. ये म्हटलं की वाट राहते. आई तिचे दोन्ही हात धरायची, तिला नावानं हाक मारायची, एक ओवी म्हणायची आणि म्हणायची, "ये."

सुलाबाई मेजामागून निघाली. माणसांच्या मधून चालत ती दाराशी गेली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. हात तिनं वर केले नाहीत.

"सायबांचा आशीर्वाद सायबांपाशी," ती म्हणाली. "त्यो मी घेत न्हाई. सायब येतील तवा देतील. पन देवाच्या घरून मानूस रिकामं जात नसतं. माझी माय मला पाठवायची, तशी मी तुमाला पाठवती. सरजाआत्या, या हिकडं."

आश्रुबा न सांगता उठला. पंच बघत असतानाही उठला. त्यानं म्हातारीला काखेत हात घालून उभं केलं आणि दाराशी आणलं. सुलाबाईनं सरजाबाईचे हात धरले. हात लाकडासारखे होते, हलके आणि कोरडे.

"लेक निघाली सासरी, वाट लांबची उन्हाची,
म्होरं सावली चालती, माज्या देवाच्या हाताची."

"सरजाआत्या," ती म्हणाली, "तुमी घरात एकट्या ऱ्हाता, पन देव तुमाला एकटं धरत न्हाई. चूल पेटवताना त्यो फुंकर घालंल, रातीला त्यो कडी लावंल. ऐतवारी परत या."

सरजाबाईच्या सुरकुत्यांत पाणी उतरलं. "येते गं माय," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून उन्हात गेली.

मग कडूबाई उठली, कडेवर एक, बोटाला एक, मागं दोन. सुलाबाईनं चारही लेकरांची नावं घेतली. एका नावाशी ती चुकली, तेव्हा त्या पोरीनंच दुरुस्त केलं आणि सगळे हसले. मग ओळच लागली. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला एक वाक्य. ज्याची विहीर खणायची चालली होती, त्याला पाण्याचं. जिची लेक बाळंतपणाला आली होती, तिला बाळाचं. सतरा घरांत काय चाललंय हे सुलाबाईला विचारावं लागत नव्हतं, फडे विकत आणि पाला तोडत ती सगळ्यांच्या दारात रोजच होती. बारमहा दुसऱ्या गावी राहणाऱ्या माणसाला हे कसं माहीत असावं?

आश्रुबाची पाळी आली. "हं," तो म्हणाला, "मला काय?"

"तुमाला घरी आल्यावर," ती म्हणाली.

"ह्यो आशीर्वाद हाय का दम?"

"दोनी. या आता."

शेवटी देवळात सिताराममामा एकटे उरले. मांडी तशीच, पाठ तशीच. बाहेर अंगणात सगळी थांबलेली, कुणीच घरी गेलं नव्हतं. मामांचं काय होतं, हे पाहिल्याशिवाय कोण जाणार?

"सुलाबाई," मामा म्हणाले, "ह्ये पुस्तकात कुठं हाय?"

"न्हाई, मामा. पुस्तकात हाय ते सायबाचं हाय. ह्ये माझ्या मायचं हाय."

मामा टोपीच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. सुलाबाईला आतून वाटलं, काहीतरी म्हणावं, समजावावं, विनवावं. पण अडलं तर थांबायचं, लोकांना दम घ्यायला मिळतो. ती थांबली.

मामांनी एक हात भुईवर टेकला. दुसरा गुडघ्यावर. एवढा वेळ बसून त्यांचे सांधे गंजल्यासारखे कुरकुरले. ते उठले, टोपी हातात घेऊन दाराशी आले आणि पोरानं मास्तरापुढं उभं राहावं तसे तिच्यापुढं उभे राहिले.

"सिताराममामा," ती म्हणाली, "तुमी पस्तीस वर्सं रूळ तपासत चाललाव. गाडीतल्या मानसांला तुमचं नाव ठावं न्हाई, पन ती सुखानं घरी पोचली. तुमच्या बी वाटंवर देव म्होरं चालून खिळा न् खिळा बघतोय. या, मामा."

मामांनी टोपी घातली. "येतो," ते म्हणाले. एवढंच. अंगणातून जाताना मात्र त्यांनी आश्रुबाला विनाकारण दटावलं, "हसतो काय रे?" आणि आश्रुबा खरंच हसत नव्हता.

दिनकरराव आले ते दिवस मावळायच्या बेताला, राणीसावरगावहून पायी. चपला धुळीनं पांढऱ्या, शर्ट पाठीला चिकटलेला. ते आधी देवळाकडं गेले. दार लोटलेलं, आत कुणी नाही. कुणीच बसलेलं नाही, हे बघून ते तिथंच क्षणभर उभे राहिले. मग आश्रुबाच्या अंगणात आले. सुलाबाई पाला सोलत होती. सिताराममामा आधीच येऊन बाजेवर बसले होते, का आले ते अजून बोलले नव्हते.

"उपासना?" दिनकररावांनी विचारलं.

"झाली," आश्रुबा म्हणाला. "सायब, तुमी लय उशीर केला."

"आणि आशीर्वाद?"

सुलाबाईच्या हातातला पाला थांबला. तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. हात वर केले नाहीत, तुमचे शब्द म्हटले नाहीत, फक्त पाठवलं, हे तिनं दोनदा सांगितलं. "चुकलं आसंल तर बोला, सायब."

दिनकरराव अंगणातल्या दगडावर बसले. सुलाबाईच्या सुनेनं तांब्या आणून दिला. ते अर्धा तांब्या प्यायले.

"चुकलं ते माझं," ते म्हणाले. "मी तुम्हाला गीत शिकवलं, प्रार्थना शिकवली, वाचन शिकवलं. शेवट शिकवला नाही. विसरलो असं म्हणालो असतो, पण तुमच्यापुढं कशाला खोटं बोलू? विसरलो नव्हतो. ठेवून घेतला होता. म्हटलं, एवढं तरी माझ्याशिवाय होऊ नये." ते तांब्याकडं बघून हसले. "पाच कोस चालत आलो, मनात एकच, माणसं खोळंबली असतील. वस्तीत शिरलो, चुली पेटलेल्या. बरं वाटलं, सुलाबाई. आणि थोडं दुखलंही."

मग बाजेवरून सिताराममामांनी घसा साफ केला.

"सायब, कागद लिवा," ते म्हणाले. "उंबरदरीचा ऐतवार उंबरदरीतच. खाली माझी सही. चालतंय."

सुलाबाईनं डोळ्याला पदर लावला तो पाल्याची धूळ गेली म्हणून, असं तिनं आश्रुबाला नंतर सांगितलं. आश्रुबानं ते मान्य केलं.

दिनकररावांनी पिशवीतून वही काढली, तिथंच गुडघ्यावर ठेवून चार ओळी लिहिल्या, मामांची सही घेतली. मग उठले. रात्रीच्या आत त्यांना पुढच्या गावी पोचायचं होतं. तिथं भुजंग नावाचा एक जण वाचन शिकत होता. "त्याला या वेळी शेवट आधी शिकवतो," ते म्हणाले. दोन पावलं गेले आणि वळले. त्यांच्या चेहऱ्यावर सुलाबाईनं कधी न पाहिलेली लाज होती, पाहुण्यानं अजून एक भाकरी मागावी तशी.

"सुलाबाई, सत्तावीस वर्षं मी लोकांना घरी पाठवतोय. मला कुणी पाठवलं नाही. मलाही पाठवा की."

सुलाबाईनं हात पदराला पुसले आणि त्यांचे हात धरले. उन्हानं रापलेले, सायकलीच्या मुठींनी घट्टे पडलेले. नाव कसं घ्यावं तिला कळेना. पास्टराला कुणी नावानं हाक मारत नाही.

"दिनकरदादा," ती शेवटी म्हणाली, "आमाला उठवता उठवता तुमचे हात भरून आले आस्तील. आता खाली घ्या. खाली घेतले मनून कोनी बसून ऱ्हानार न्हाई. देवानं धरलेत. या."

"येतो, बाई," ते म्हणाले.

ते बांधापर्यंत गेले असतील नसतील, तोच आश्रुबा ओरडला, "आगं सुले! पाच कोस चालून आलेलं मानूस, आशीर्वादावरच पाठवलंस की! भाकरी कुठाय?"

सुलाबाईनं कपाळाला हात मारला आणि बांधाकडं धावत सुटली. "सायब! ओ सायब! थांबा, जेवून जावा!" दिनकररावांनी दुसऱ्या हाकेची वाट बघितली नाही. सकाळपासून उपाशी होते. ते वळले आणि आले त्यापेक्षा भरभर चालत अंगणात परत आले, तेव्हा सिताराममामा बाजेवर सरकून त्यांना जागा करून देत होते आणि सुलाबाईच्या सुनेनं तव्यावर पहिली भाकरी टाकली होती.